वस्त्र : उपभोग की भोग?



श्रावकाच्या बारा व्रतांतील भोगोपभोग परिमाण व्रताचे नाव आपल्या कानांवरून अनेकदा गेलेले असते. या नावात दोन शब्द आहेत आणि आचार्यांनी त्यांचे अर्थ काटेकोरपणे वेगळे केले आहेत. एकदा वापरले की संपते तो भोग : अन्न, फुले, विलेपन. पुन्हा पुन्हा वापरात येतो तो उपभोग : वस्त्र, अलंकार, आसन, शय्या, घर. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात हा भेद आहे आणि बाराव्या शतकातील हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रातही आहे. आगमांत हीच जोडी उपभोग-परिभोग या नावाने येते. नावे बदलली तरी आशय तोच राहतो. समंतभद्राचार्यांनी उदाहरण देताना भोगासाठी भोजन घेतले आणि उपभोगासाठी वस्त्र घेतले. वस्त्र ही पुन्हा पुन्हा वापरण्याची वस्तू आहे याविषयी त्या काळी कोणाला शंका असण्याचे कारणच नव्हते.

आज ती शंका घ्यावी लागते. हळदीला पिवळा पोशाख, मेंदीला हिरवा, संगीताला चकचकीत, आणि प्रत्येकाचे छायाचित्र मोबाइलवर शेकडो नातलगांना गेले की तो पोशाख 'दिसून झाला' म्हणून पुन्हा नेसायचा नाही! एका संध्याकाळी तीन तास अंगावर राहिलेले वस्त्र पुढे पंधरा वर्षे कपाटात घडीवर घडी धरून पडते. ते फाटलेले नसते, विटलेले नसते, आखूडही झालेले नसते. ज्याला शास्त्राने उपभोग म्हटले, त्याचा आपण भोग करून टाकला आहे. जेवणाच्या ताटाचेही तसेच झाले. पितळी किंवा स्टीलचे ताट तीन पिढ्या चालत असे. आता पंगत उठली की ताट कचऱ्यात जाते. पाण्याच्या भांड्याची जागा बाटलीने घेतली. उपभोगाच्या खात्यातील एकेक वस्तू भोगाच्या खात्यात जमा होत आहे. आपल्या घरांतील आजच्या अनेक प्रश्नांचे मूळ या खातेबदलात सापडते. दिवाळीच्या तोंडावर घरोघरी कपाटे उपसली जात असताना या सदरात त्याचाच विचार करावा असे वाटते.

बारा कोटींचा धनी आणि एक वस्त्रजोडी

परिमाणाचा विषय निघाला की एक तक्रार हमखास ऐकू येते : हे साधूंसाठी ठीक, आपण पडलो संसारी, त्यात व्यापारी. या तक्रारीला उपासकदशांग सूत्राने पहिल्याच अध्ययनात उत्तर दिलेले आहे. वाणिज्यग्रामचा आनंद श्रावक हा भगवान महावीरांचा गृहस्थ उपासक. त्याच्याकडे चार कोटी सुवर्णमुद्रा कोठारात, चार कोटी व्यवहारात व्याजाने लावलेल्या आणि चार कोटी घरसंसारात गुंतलेल्या होत्या. दहा-दहा हजार गाईंची चार गोकुळे होती. त्याने भगवंतांजवळ व्रते घेतली, तेव्हा पाचशे नांगरांची जमीन, दूरच्या व्यापारासाठी पाचशे गाडे आणि जवळच्या वाहतुकीसाठी पाचशे गाडे एवढी मर्यादा राखली. व्यापार बंद केला नाही, पेढी मोडली नाही. मात्र याच बैठकीत त्याने रोजच्या वापरातील एकेका वस्तूचे परिमाण सांगितले : दातणासाठी ज्येष्ठमधाची ओली काडी, स्नानासाठी आठ घडे पाणी, अंग पुसायला एकाच प्रकारचा पंचा, आणि वस्त्रांत एक क्षौमयुगल, बाकी सर्व वस्त्रांचा त्याग. क्षौमयुगल म्हणजे साध्या सुताची वस्त्रजोडी असा अर्थ सामान्यतः केला जातो.

व्यापाऱ्याने ही यादी दोनदा वाचावी. एकाच माणसाच्या खात्यात बारा कोटी सुवर्णमुद्रा आहेत आणि एक वस्त्रजोडी आहे. ऐपत नव्हती म्हणून त्याने कमी वापरले असे म्हणण्याची सोय सूत्राने ठेवलेली नाही. त्याने 'मी साधेपणाने राहीन' असे मोघम वचनही दिले नाही, आकडा सांगितला. मोघम वचनाचा हिशेब लागत नाही, आकड्याचा लागतो, हे पेढीवर बसणाऱ्याला दुसऱ्या कोणी शिकवायला नको.

श्वेतांबर परंपरेत रोज धारण करायच्या चौदा नियमांतही वस्त्र आहे. आज किती वस्त्रे वापरीन, हे सकाळी ठरवायचे असते. अनेक घरांतील ज्येष्ठ मंडळी आजही हे नियम धारतात. पण नियम अंगावरच्या वस्त्रांचा होतो आणि कपाटातील वस्त्रे त्यातून निसटतात. पाच नगांचा नियम मनोभावे पाळला जातो आणि कपाटात अडीचशे नग पडलेले असतात. तत्त्वार्थसूत्रकारांनी परिग्रहाची व्याख्या मूर्च्छेवरून केली आहे, हे आपण जाणतोच. न वापरलेली आणि तरीही देववत नसलेली साडी हे मूर्च्छेचे अगदी घरगुती उदाहरण ठरेल.

धाग्यामागचे जीव

कोणते कापड निर्दोष, असा प्रश्न अनेक भगिनी विचारतात. संपूर्ण निर्दोष कापड नाही, हे आधी मान्य करावे लागते. षट्काय जीवांची विराधना कमी-अधिक प्रमाणात सर्वत्र आहे. कोठे कमी आणि कोठे अधिक, हे मात्र माहीत असायला हवे.

रेशमाचे सत्य आपल्या समाजाला नवे नाही. कोषातून पतंग बाहेर आला तर सलग धागा तुटतो, म्हणून आतील जीवासह कोष वाफेत किंवा उष्णतेत घातला जातो. एक किलो कच्च्या रेशमासाठी पाच हजारांहून अधिक कोष लागतात. भरजरी साडी हातात घेताना हा आकडा आठवला, तर तिचे वजन निराळेच भासू लागेल. हैदराबादचे कुसुम राजय्या यांनी पतंग बाहेर पडू देऊन मग धागा काढण्याची पद्धत 'अहिंसा रेशीम' या नावाने रूढ केली. प्रयत्न स्तुत्य आहे. पण तुतीच्या रेशमाचा पतंग शतकानुशतकांच्या पैदाशीमुळे उडू शकत नाही आणि बाहेर आल्यावर थोडेच दिवस जगतो, हेही ध्यानात ठेवावे. आसामच्या एरी रेशमाचा कोष एका टोकाला उघडा असतो, म्हणून ते निर्दोष समजले जाते. परंतु त्यातील कोषस्थ अळी तेथे आहारात वापरली जाते. तेव्हा नावावर विसंबू नये, विक्रेत्याला पद्धत विचारावी. ज्या घरांत आधीच रेशमी वस्त्रे आहेत, त्यांनी ती फेकून नव्या सुती वस्त्रांची खरेदी करणे मात्र उलटेच ठरेल. आहे ते जपून वापरावे, नवे घेऊ नये. पूजेच्या वस्त्रांविषयी ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी आपल्या गुरुभगवंतांचे मार्गदर्शन घ्यावे.

सुती कापड आपल्याला स्वभावतःच सात्त्विक वाटते. परंतु कपाशी हे पीक पाणी आणि कीटकनाशके दोन्ही मागते. एका सुती टी-शर्टामागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, असा अंदाज दिला जातो. विदर्भ-मराठवाड्यातील बहुतेक कपाशी पावसावर येते, त्यामुळे तिचा हिशेब धरणाच्या पाण्यावर वाढणाऱ्या कपाशीपेक्षा वेगळा आहे. कीटकनाशकांचा प्रश्न मात्र आपल्या अगदी दाराशी आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. फवारणीतील कीटक तर मोजलेच जात नाहीत. सुती सदरा घालू नये, असा याचा अर्थ नाही. तो घातला तर झिजेपर्यंत घालावा, एवढाच आहे.

पॉलिएस्टरच्या धाग्यात कीटकहत्या दिसत नाही, किंमत कमी असते, इस्त्रीचा त्रास नसतो. म्हणून अनेकांना तो अहिंसक पर्याय वाटतो. तो खनिज तेलापासून बनतो आणि आज जगात तयार होणाऱ्या एकूण तंतूंपैकी निम्म्याहून अधिक पॉलिएस्टरच आहे. त्याचा दोष धुण्याच्या वेळी प्रकट होतो. प्लायमाउथ विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सहा किलो कपड्यांच्या एका धुलाईतून किती सूक्ष्म तंतू सुटतात याचा अंदाज दिला आहे : पॉलिएस्टर-सूत मिश्र कापडातून सुमारे १ लाख ३८ हजार, पॉलिएस्टरमधून सुमारे ४ लाख ९६ हजार आणि ॲक्रिलिकमधून सुमारे ७ लाख २९ हजार.

जगात पाणी गाळून पिणारे समाज थोडे. आपण दुहेरी जाड वस्त्रातून पाणी गाळतो, आणि गळण्यावर राहिलेले जीव मूळ जलाशयात परत पोहोचवण्याची जीवाणीची रीत आपल्या पूर्वजांनी विहिरीच्या काठी पाळली. अप्काय जीवांची आणि पाण्यातील त्रस जीवांची एवढी काळजी घेणाऱ्या घराच्या मोरीतून लाखो प्लास्टिक तंतू नदीत जात असतील, तर येणाऱ्या पाण्याइतकाच जाणाऱ्या पाण्याचाही विचार व्हायला हवा. जे गळणे स्वयंपाकघरात आहे, त्याचे तत्त्व मोरीपर्यंत न्यावे लागेल. उपाय साधे आहेत. कृत्रिम धाग्याचे कपडे प्रत्येक वेळी धुण्याची गरज नसते. वाऱ्यावर टाकून पुन्हा घालता येतात. धुवायचे तेव्हा यंत्र पूर्ण भरून, गार पाण्यात आणि कमी वेळाच्या फेरीत धुवावे. साबणचुरा अर्ध्या मापाने टाकून पाहावा. बहुतेक कपड्यांना तेवढा पुरतो.

नदीचे देणे

धाग्यानंतर रंग येतो. महाराष्ट्रातील कित्येक मारवाडी जैन कुटुंबांचे मूळ पाली, जालोर, सिरोही, बालोतरा या पट्ट्यात आहे. पालीजवळची बांडी आणि बालोतऱ्याजवळची लुणी या नद्यांचे पाणी कापडाच्या रंगाई-छपाईच्या सांडपाण्याने कित्येक दशके नासत आले आहे. तमिळनाडूतील तिरुप्पूरजवळ नोय्यल नदीची अवस्था एवढी बिकट झाली, की २०११ साली मद्रास उच्च न्यायालयाने तेथील रंगाईचे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. आपल्याकडे पंचगंगेच्या प्रदूषणाची चर्चा होते, तेव्हा शहरांचे मैलापाणी आणि साखर कारखाने यांच्याबरोबर इचलकरंजीच्या कापड प्रक्रियेचेही नाव निघते.

श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत तळी-सरोवरे शोषून टाकण्याचा समावेश आहे. लाक्षावाणिज्याच्या विवरणात हेमचंद्राचार्यांनी निळीचाही उल्लेख केला आहे. आठ-नऊशे वर्षांपूर्वी, रासायनिक रंगांचा मागमूसही नसताना, रंगाच्या व्यापारातील जीवहानी त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. सरोवर आटवणे पाप असेल, तर भरलेली नदी जीवांना राहण्यायोग्य न ठेवणे हे त्याहून फार दूरचे नाही. शिवाय दर ऋतूत बदलणाऱ्या रंगछटांची मागणी आपणच करीत असतो. बांडीच्या पाण्याच्या रंगात आपल्या मागणीचाही वाटा आहे.

दुकान कसे चालेल?

येथे आपल्यापैकी अनेकांच्या मनात प्रश्न उठला असेल. घरात कापडाचे दुकान आहे, त्यावर चार कुटुंबे आणि दहा नोकरांची घरे चालतात. लोकांनी कमी कपडे घ्यावेत असे आपल्याच मासिकाने सांगितले, तर दिवाळीच्या बोनसचे काय? हा प्रश्न रास्त आहे. त्याला टाळून केलेला उपदेश पोकळ ठरेल.

कमी नग विकले गेले तर उलाढाल घटेल, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कापडाच्या धंद्यातील जुन्या पेढ्या कशावर उभ्या राहिल्या, तेही आठवून पाहावे. 'या दुकानाचे कापड टिकते' या एका वाक्यावर तीन पिढ्यांचे गिऱ्हाईक बांधलेले असे. स्वस्तात स्वस्त माल देण्याच्या शर्यतीत ऑनलाइन विक्रेत्यांपुढे गावातील दुकानदाराचा टिकाव लागणे कठीण आहे. टिकाऊ मालाची पारख, नेमके माप, दुरुस्ती आणि खात्री या बाबतींत मात्र त्याला मात देणे ऑनलाइनवाल्यांना अवघड आहे. साडीच्या दुकानात फॉल-बिडिंगची सोय असतेच; तिच्याच शेजारी रफू, बदललेल्या अंगलटीनुसार पोशाख ढिला किंवा घट्ट करून देणे, जुन्या साडीचा परकर-पोलका किंवा ड्रेस शिवून देणे अशी सेवा सुरू करता येईल. त्यातून एका शिंप्याला नियमित काम मिळेल आणि गिऱ्हाईक नवे कापड घ्यायचे नसतानाही दुकानाची पायरी चढेल. प्रत्येक साडीला स्वतंत्र प्लास्टिकची पेटी देणे थांबवले, तर खर्चही वाचतो.

दुसरी गोष्ट सचोटीची. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार सांगितला आहे : हलकी वस्तू भारी म्हणून खपवणे. पॉलिएस्टर मिसळलेले कापड 'प्युअर कॉटन' म्हणून विकणे हा सरळसरळ तोच अतिचार आहे. त्यात आता 'इको', 'नैसर्गिक', 'बांबूचे कापड' अशा नव्या चिठ्ठ्यांची भर पडली आहे. बांबूचे म्हणून विकले जाणारे बहुतेक कापड प्रत्यक्षात बांबूच्या लगद्यावर रासायनिक प्रक्रिया करून काढलेले व्हिस्कोस असते. ते विकू नये असे नाही; व्हिस्कोस म्हणून विकावे. घाऊक खरेदी करणाऱ्याने आपल्या प्रक्रियादाराला एक प्रश्न तरी विचारावा : सांडपाणी कोठे जाते? एका व्यापाऱ्याच्या प्रश्नाने नदी स्वच्छ होणार नाही. पण पन्नास व्यापारी विचारू लागले, तर प्रक्रियादाराला उत्तर तयार ठेवावे लागेल.

प्रभावना आणि पंगत

घराबाहेर, संघाच्या कार्यक्रमांतही हाच विचार लागू पडतो. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिक व थर्माकोलच्या एकदा वापरून टाकायच्या ताट-वाट्यांवर बंदी आहे, देशभरात १ जुलै २०२२ पासून अशा अनेक वस्तूंवर बंदी आली. तरीही साधर्मिक वात्सल्याच्या पंगतीनंतर अर्धवट प्यालेल्या पाण्याच्या बाटल्यांचा ढीग आपण सर्वांनी पाहिला आहे. थाळी धुऊन ते पाणी पिण्याची आपली रीत आहे. अन्नाचा कण वाया जाऊ नये आणि उष्ट्यात जीवोत्पत्ती होऊ नये, हा तिचा हेतू. हातात टाकाऊ ताट आले की ती रीत आपोआप संपते, कारण धुवायला थाळीच उरत नाही. अनेक संघांकडे दानात आलेली स्टीलची भांडी कोठीत बंद असतात. ती बाहेर काढून मांजणाऱ्यांना योग्य मजुरी दिली, तर भांडीही कामी येतील आणि चार हातांना कामही मिळेल.

प्रभावनेत आता प्लास्टिकऐवजी कापडी पिशवी देण्याची पद्धत पडली आहे. हेतू चांगला आहे. पण ब्रिटनच्या पर्यावरण विभागाने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, हवामानावरील परिणामाच्या दृष्टीने एका पातळ प्लास्टिक पिशवीशी बरोबरी साधायला सुती पिशवी निदान १३१ वेळा वापरावी लागते. घरात दाते व प्रसंग यांची नावे छापलेल्या चाळीस पिशव्या असतील, तर त्यांतील दोनच उपभोगात येतात आणि अडतीस पडून राहतात. त्यापेक्षा प्रभावनेची रक्कम आयोजकांनी जीवदयेला किंवा एखाद्या साधर्मिकाच्या शिक्षणाला द्यावी, आणि पिशवी प्रत्येकाने घरूनच आणावी. बाजारात आज 'पर्यावरणपूरक' नावाने पुष्कळ नव्या वस्तू मिळतात. घरात स्टीलचे डबे असताना काचेचे नवे डबे घेणे, चालू स्थितीतील प्लास्टिकची बादली टाकून दुसरी आणणे, ही संयमाच्या नावाने केलेली खरेदीच होय. जी वस्तू घरात आहे, ती झिजेपर्यंत वापरणे हेच सर्वांत कमी विराधनेचे.

वस्त्राचा उत्तरार्ध

आपल्या आजी-पणजींच्या घरात वस्त्राला मोठा उत्तरार्ध होता. लुगडे मध्ये विरले की धड भाग जोडून दंड घालीत. ते आणखी जुने झाले की मऊ झालेल्या कापडाची तान्ह्यासाठी दुपटी आणि लंगोट होत. उरलेल्याची गोधडी शिवली जाई. सांगली-कोल्हापूरकडे तिला वाकळ म्हणतात. गोधडीही जीर्ण झाली की फडके, आणि अखेरीस पोतेरे. काही वस्त्रे बोहारणीकडे जात आणि भांडे होऊन घरात परत येत. तिच्याशी घासाघीस करण्यात आपल्या घरांनी जो आनंद घेतला, त्यापेक्षा तिने जुन्या कपड्यांना पुन्हा बाजार मिळवून दिला याचे मोल अधिक आहे. बोहारीण आजही काही गल्ल्यांत येते. तिला परतवून लावू नये.

अंशू गुप्ता यांनी १९९९ साली सुरू केलेली गूंज ही संस्था शहरांतील जुने कपडे ग्रामीण भागात पोहोचवते. तेथे लोक तळे खणणे, रस्ता दुरुस्त करणे अशी गावाची कामे करतात आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे घेतात. हरियाणातील पानिपत येथे टाकाऊ लोकरी कपड्यांचे धागे काढून पुन्हा घोंगड्या विणण्याचा मोठा उद्योग आहे. म्हणजे मार्ग आहेत. मात्र दान देताना एक विवेक पाळावा. कपडा धुतलेला, बटणे लावलेली आणि आपण स्वतः दुसऱ्यासमोर घालू शकू असा असावा. फाटके, डागाळलेले कपडे पिशवीत कोंबून देणे म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारी नेऊन टाकणे. आणि दान देऊन रिकामे झालेले कपाट पुन्हा भरायला घेतले, तर दान हे खरेदीचे निमित्त होऊन बसते.

एका ऋतूचा नियम

समंतभद्राचार्यांनी भोगोपभोगाची मर्यादा दोन प्रकारची सांगितली : यम आयुष्यभराचा आणि नियम काही काळाचा. नियमासाठी त्यांनी दिवस, रात्र, पंधरवडा, महिना, ऋतू, अयन असे कालखंड दिले आहेत, आणि मर्यादा घालण्याच्या यादीत वस्त्रही आहे. ही सोय आपल्यासारख्यांसाठीच आहे. एकदम आनंद श्रावक होणे कठीण असले, तरी एका ऋतूचा नियम प्रत्येकाला झेपेल.

दिवाळीला दुकानातील मालाची मोजदाद होते. कोणता माल किती दिवस पडून आहे आणि त्यात किती भांडवल अडकले आहे, हे कागदावर येते. यंदा कपाटाचीही तशी मोजदाद करावी. घरातील प्रत्येक व्यक्तीने, पुरुषांनीसुद्धा, आपले नग स्वतः मोजावेत. हे काम सुनेच्या माथी मारू नये. गेल्या वर्षभरात एकदाही न वापरलेल्या नगांवर खूण करावी. मग भागाकार करावा. वीस हजारांची साडी दोनदा नेसली, तर एका वेळेला दहा हजार रुपये पडले. बाराशेची सुती साडी एकशे वीस वेळा नेसली, तर एका वेळेला दहा रुपये. व्यापारी घरात हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. तो आजवर कोणी मांडला नव्हता, एवढेच.

त्यानंतर पुढच्या अक्षय्य तृतीयेपर्यंतचा नियम घ्यावा. तेवढ्या काळात नव्या वस्त्राची मर्यादा किती, तो आकडा ठरवावा. लग्नकार्यात निदान एका प्रसंगी पूर्वी नेसलेलेच वस्त्र घालावे. घरातील ज्येष्ठ स्त्रीने हे आधी केले, तर सुना-मुलींना ते सोपे जाईल. ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांनी आमंत्रणातच 'पोशाखाचा रंग ठरवलेला नाही' असे कळवावे. बेताच्या परिस्थितीतील कितीतरी साधर्मिक कुटुंबे केवळ पाच प्रसंगांचे पाच पोशाख जमवण्यासाठी उसने काढतात, आणि ते कोणाला सांगतही नाहीत. नात्यातील एका मुलीच्या लग्नाला जाण्याचा आनंद त्यांच्यासाठी कपड्यांच्या काळजीत बुडून जातो. सधन घराने रंगांची सक्ती सोडली, तर अशा दहा घरांचे ओझे उतरेल. हेही साधर्मिक वात्सल्यच आहे.

नियम चोपड्याच्या पहिल्या पानानंतर एका कोऱ्या पानावर लिहून ठेवावा : नगांची संख्या, मर्यादेचा आकडा, आणि मुदत. तारीख घालून खाली घरातील सर्वांनी सह्या कराव्यात. लिहिलेला आकडा आपल्या घरांत सहसा मोडला जात नाही.

दीपावलीच्या आणि भगवान महावीरांच्या निर्वाण कल्याणकाच्या मंगल कामना. जय जिनेंद्र.